शाळा, क्लब आणि अकॅडमी : एकाच पोराने किती ठिकाणी बॉलिंग टाकायची?

समजा, एक पोरगा आहे. वय १३. राहायला डोंबिवलीत. उंची अचानक वाढायला लागलीय आणि बॉलिंग फास्ट टाकतो.

सोमवारी शाळेची नेट्स, तिथे ७ ओव्हर. मंगळवारी शाळेची दोन दिवसांची मॅच सुरू, पहिल्या दिवशी ९ ओव्हर. बुधवारी दुसरा दिवस, ४ ओव्हर. गुरुवारी क्लबची नेट्स, ८ ओव्हर. शुक्रवारी संध्याकाळी प्रायव्हेट अकॅडमीत 'वन टू वन', ६ ओव्हर. शनिवारी क्लबची फ्रेंडली मॅच, ८ ओव्हर. रविवारी अकॅडमीची टुर्नामेंट, ५ ओव्हर.

आता शाळेच्या सरांना विचारा, पोरगा किती बॉलिंग टाकतो? ते म्हणतील, आठवड्याला २० ओव्हर, त्यापण तीन दिवसांत मिळून. क्लबचे कोच म्हणतील १६. अकॅडमीवाले म्हणतील, आम्ही तर फक्त ११ टाकून घेतो.

तिघंही खरं बोलतायत. पण बेरीज केली तर आकडा येतो ४७ ओव्हर, म्हणजे २८२ बॉल. आणि सात दिवसांत सुट्टीचा दिवस शून्य.

हा पोरगा आम्ही काल्पनिक घेतलाय. पण संडेला सकाळी सहाच्या लोकलमध्ये चढलात, तर खांद्याला किटबॅग लावून दारात पेंगणारे असे चार-पाच तरी दिसतील. त्यांच्या आईवडिलांना पडणारा प्रश्न एकच असतो. पोराला एकाच ठिकाणी ठेवायचं, की दोन-तीन ठिकाणी खेळू द्यायचं?

पहिली गोष्ट म्हणजे, मुंबईत हा प्रश्न पालकांच्या हौसेतून आलेला नाही. इथली रचनाच तशी आहे. शाळेचं क्रिकेट वेगळं आणि क्लबचं वेगळं. शाळेकडून हॅरिस शील्ड आणि गाइल्स शील्ड खेळायची. या दोन्ही स्पर्धांना शंभरहून जास्त वर्षांचा इतिहास आहे. दुसरीकडे क्लबकडून कांगा लीग, जी १९४८ पासून सुरू आहे आणि भर पावसाळ्यात ओल्या पिचवर खेळली जाते. शाळेत मोठा स्कोअर केला की पेपरात नाव येतं, पण मोठ्या माणसांबरोबर खेळण्याचा सराव क्लबमध्येच होतो. त्यामुळे मुंबईत ज्याला पुढे जायचंय तो पोरगा दोन टीममध्ये असणारच.

आता या दोनांमध्ये तिसरी भर पडलीय ती अकॅडमीची. शाळेत एका कोचमागे चाळीस पोरं, क्लबमध्ये सिनियर्सची प्रॅक्टिस झाली की ज्युनियर्सना नेट मिळणार. मग आपल्या पोराकडे कोणीतरी नीट बघावं म्हणून पालक तिसरीकडे फी भरतात. यात चुकीचं काही नाही.

मग सचिन कसा काय खेळायचा?

हा विषय काढला की कोणीतरी सचिनचं उदाहरण देतंच. ते द्यायलाच पाहिजे, पण पूर्ण द्यायला पाहिजे.

सचिन तेंडुलकरने आत्मचरित्रात लिहिलंय की सुरुवातीच्या काळात उन्हाळ्याच्या ६० दिवसांच्या सुट्टीत तो ५५ प्रॅक्टिस मॅच खेळायचा. रमाकांत आचरेकर सर त्याला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानातून दुसऱ्या मैदानात न्यायचे. एका मॅचमध्ये बॅटिंग झाली की दुसरीकडे. तिथल्या टीमला सांगून ठेवलेलं असायचं, हा चार नंबरला येणार. म्हणजे टीमच्या हिशोबाने बघितलं तर सचिन कितीतरी टीमकडून खेळला.

पण स्कूटर कोण चालवत होतं?

त्या सगळ्या मॅचचा हिशोब एकाच माणसाच्या डोक्यात होता. आज किती बॅटिंग झाली, काल काय चुकलं, पोरगा दमलाय का, हे आचरेकर सरांना वेगळं विचारावं लागत नव्हतं. टीम दहा असतील, पण डोळा एकच होता. आजच्या पोराकडे कोच तीन असतात आणि तिघांचे नंबर एकमेकांकडे नसतात.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. वांद्र्याहून शिवाजी पार्कला रोजची ये-जा जड जायला लागली, तेव्हा सचिनला शिवाजी पार्कजवळ काका-काकूंच्या घरी राहायला पाठवलं होतं. प्रवासाचा थकवा हाही थकवाच, हे त्या घराने तेव्हा ओळखलं होतं. डोंबिवली ते चर्चगेट आणि परत हा प्रवास करणाऱ्या पोराबद्दल आपण म्हणतो, 'त्याला सवय आहे.'

आणि सचिन बॅट्समन होता. फास्ट बॉलर व्हायचं म्हणून १९८७ मध्ये तो चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनला गेला होता खरा, पण डेनिस लिलीने त्याला सांगितलं की बॅटिंगवर लक्ष दे. बॅट्समनने दिवसात दोन मॅच खेळणं आणि फास्ट बॉलरने खेळणं यात शरीराच्या दृष्टीने मोठा फरक आहे. तो फरक कळला की आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं.

फास्ट बॉलरच्या पाठीत काय होतं?

बॉल सोडायच्या क्षणी बॉलरचा पुढचा पाय जमिनीवर आपटतो. तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर पायातून वर कमरेत जातो. त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली असते, एका बाजूला झुकलेली असते आणि वळतही असते. या तिन्ही गोष्टी एकदम होतात आणि त्याचा भार मणक्याच्या खालच्या भागातल्या हाडाच्या एका बारीक पट्टीवर येतो. राइट आर्म बॉलर असेल तर बहुतेक वेळा डाव्या बाजूला.

एका बॉलने काही होत नाही. हाडाला सूक्ष्म इजा होते आणि विश्रांती मिळाली की ती भरून निघते, उलट हाड आणखी मजबूत होतं. ट्रेनिंगचा सगळा खेळच हा आहे. पण भरून निघायच्या आधीच पुढचा भार आला, परत आला, परत आला, की तडा जातो. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. पाठीचं हे हाड पूर्ण पक्कं व्हायला विशी उलटावी लागते. त्यात १३-१४ व्या वर्षी उंची भराभर वाढत असते, हाडं लांब होतात पण त्यांची ताकद आणि स्नायू मागून येतात. नेमकं याच वयात आपल्याकडे अंडर-१४ आणि अंडर-१६ चं सिलेक्शन असतं.

पॅट कमिन्सचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०११ मध्ये १८ व्या वर्षी जोहान्सबर्गला टेस्ट डेब्यू, दुसऱ्या डावात सहा विकेट. पुढची टेस्ट थेट मार्च २०१७ मध्ये, आपल्या रांचीत. मधली पाच वर्षं बरीचशी दुखापतींत गेली, त्यात पाठीचे स्ट्रेस फ्रॅक्चर होते. त्याच्यामागे क्रिकेट ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर, फिजिओ, स्कॅन सगळं उभं होतं म्हणून तो परत आला. आपल्याकडे कमलेश नागरकोटी २०१८ चा अंडर-१९ वर्ल्डकप जिंकून आला, कोलकात्याने ३.२ कोटींना घेतला आणि २०१८ आणि २०१९ असे दोन्ही आयपीएल सीझन दुखापतीमुळे बाहेर बसला. या दोघांना दोन क्लबमुळे दुखापत झाली असं आम्ही म्हणत नाही आहोत. मुद्दा इतकाच की जगातल्या चांगल्यात चांगल्या व्यवस्थेत, एकाच टीमच्या देखरेखीखालीसुद्धा हे कोवळं हाड सांभाळणं अवघड जातं. तीन ठिकाणी विभागलेल्या पोराचं मग काय?

नियम काय सांगतात?

इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने ज्युनियर फास्ट बॉलर्ससाठी मर्यादा घातल्या आणि त्या वर्षानुवर्षं जगभरात संदर्भ म्हणून वापरल्या गेल्या. अंडर-१३ साठी एका स्पेलमध्ये ५ ओव्हर, दिवसात १०. अंडर-१४ आणि १५ साठी स्पेल ६ चा, दिवसात १२. अंडर-१६ आणि १७ साठी स्पेल ७ चा आणि दिवसात १८.

आता आपल्या डोंबिवलीच्या पोराकडे परत बघा. तो एकाही दिवशी १० ओव्हरच्या वर गेलेला नाही! स्पेल नीट वाटून टाकले असतील, तर प्रत्येक कोचने नियम पाळला. पण त्याच सूचनांमध्ये आणखी एक ओळ आहे, जी कमी लोक वाचतात. सात दिवसांत चारपेक्षा जास्त दिवस बॉलिंग नको आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त नको. नेट्सही यात धरायची. आपला पोरगा सातही दिवस टाकतोय. रोजचा नियम तिघांनी पाळला आणि आठवड्याचा नियम तिघांनी मिळून मोडला, कोणालाही न कळता.

हाच गोंधळ अमेरिकेत बेसबॉलमध्ये झाला होता. तिथेही शाळेची टीम वेगळी, गावची वेगळी आणि पैसे भरून फिरणारी ट्रॅव्हल टीम वेगळी. पिचर पोरांचे खांदे आणि कोपर निकामी व्हायला लागले. तिथल्या संशोधकांनी ९ ते १४ वयाच्या ४८१ पिचर्सवर १० वर्षं लक्ष ठेवलं. वर्षात १०० इनिंगपेक्षा जास्त टाकणाऱ्यांना गंभीर दुखापत होण्याची शक्यता साडेतीन पट निघाली. २०१४ मध्ये मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी 'पिच स्मार्ट' नावाची नियमावली काढली. त्यात कोणत्या वयाने दिवसाला किती बॉल टाकायचे हे तर आहेच, शिवाय एक सल्ला स्पष्ट शब्दांत आहे : ज्यांचे सीझन एकाच वेळी चालू आहेत अशा अनेक टीमसाठी पिचिंग करू नका.

फुटबॉलचं वेगळंच. फिफाच्या नियमांप्रमाणे खेळाडूची नोंदणी एका वेळी एकाच क्लबकडे असते. फुटसालच्या क्लबकडे वेगळी नोंदणी चालते, तेवढी सूट. त्यामुळे पालकांना वाटतं की फुटबॉलमध्ये हा प्रश्नच नाही. पण नोंदणी मॅचची असते, घामाची नसते. एका क्लबकडे नाव घालून दुसऱ्या अकॅडमीत प्रॅक्टिसला जायला फिफा आडवी येत नाही.

क्रिकेटमध्येही राज्य पातळीवर असंच कुंपण आहे. महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन संघटना आहेत आणि एकीकडून दुसरीकडे जायचं तर एनओसी लागते. २०२५ च्या एप्रिलमध्ये यशस्वी जयस्वालने मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्यासाठी एनओसी मागितली आणि पुढच्याच महिन्यात विचार बदलला, तेव्हा केवढी चर्चा झाली. कोण कोणाकडून खेळतो याचे कागद आपल्याकडे चोख असतात. कोण किती खेळतो याचा कागद नसतो.

पण दोन ठिकाणी खेळण्याचे फायदे?

आहेत की, आणि खरे आहेत.

शाळेच्या टीममध्ये जो पोरगा बारावा असतो, तो क्लबमध्ये ओपनिंग बॉलर असू शकतो. बेंचवर बसून कोणी शिकत नाही. वेगळी पिच, वेगळे बॅट्समन, मॅटिंग आणि टर्फ यांतला फरक, सिनियर्सच्या शिव्या, हे सगळं एका ठिकाणी मिळत नाही. शिवाय एका कोचशी पटलं नाही, किंवा त्याने संधीच दिली नाही, तर पोराचं क्रिकेट तिथेच संपत नाही. सिलेक्शनच्या बाबतीत जास्त डोळ्यांसमोर असणं हा फायदाच आहे. हे नाकारून 'एकाच ठिकाणी ठेवा' असा सल्ला देणं सोपं आहे, पण ज्याच्या पोराला शाळेत नेटच मिळत नाही त्या बापाला तो सल्ला काय कामाचा?

कुस्तीत एका वस्तादाचा पठ्ठ्या म्हणून आयुष्य काढायची रीत आहे. पण गावच्या तालमीतला पोरगा पुढे कोल्हापूरला जातोच, आणि बहुतेक वेळा गावचा वस्तादच त्याला नेऊन सोडतो. म्हणजे तालीम बदलते, पण पहिल्या वस्तादाने काय शिकवलं हे दुसऱ्याला माहीत असतं.

शहरातल्या क्रिकेटमध्ये नेमकं हेच होत नाही. 'इथे खेळायचं तर तिथे जायचं नाही' असं बरेच कोच पोराला तोंडावर सांगतात. काहींना पोराची काळजी असते, काहींना फीची, आणि काहींना पोरगा चमकला तर 'हा आमचा' म्हणता आलं पाहिजे याची. परिणाम एकच होतो, पोरगा लपवायला लागतो. शनिवारी क्लबकडून आठ ओव्हर टाकून आलेला पोरगा रविवारी अकॅडमीत 'काल आराम केला सर' म्हणतो. सर बिचारे त्याला नव्या बॉलने सुरुवात करायला लावतात.

आमच्या मते दोन क्लब हा धोका नाही. लपवलेला दुसरा क्लब हा धोका आहे. एखाद्या कोचला पोराने दुसरीकडे खेळलेलं इतकं खुपत असेल की पोरगा खोटं बोलतोय, तर तो कोच बदला. मग तो कितीही मोठा असो.

दोन कोच, दोन सल्ले

ओव्हरच्या पलीकडे आणखी एक गडबड आहे. शाळेचे सर म्हणतात साइड-ऑन ये, खांदा बॅट्समनकडे दाखव. अकॅडमीचे कोच म्हणतात तुझी अ‍ॅक्शन फ्रंट-ऑन आहे, तीच ठेव. दोन्ही अ‍ॅक्शन आपापल्या जागी बरोबर आहेत. पण १३ वर्षांचा पोरगा दोघांनाही खूश करायला बघतो. कंबर एका दिशेला, खांदे दुसऱ्या. याला मिक्स्ड अ‍ॅक्शन म्हणतात आणि पाठीच्या दुखापतींवर काम करणाऱ्या संशोधकांनी नेमकी हीच अ‍ॅक्शन धोक्याची मानली आहे. एक ना धड भाराभर चिंध्या ही म्हण इथे शब्दशः पाठीवर येते.

यावर उपाय साधा आहे. टेक्निक कोणाचं ऐकायचं हे ठरवून टाका. एक कोच अ‍ॅक्शनचा मालक, बाकीच्यांकडे फक्त मॅच खेळायच्या. आणि हे बाकीच्यांना पोराने नाही, पालकांनी जाऊन सांगायचं. 'सर, अ‍ॅक्शनमध्ये तेवढा बदल सांगू नका, त्यावर तिकडे काम चाललंय,' हे वाक्य १३ वर्षांच्या पोराच्या तोंडी शोभत नाही.

मग पालकांनी करायचं काय?

दहा-अकरा वर्षांपर्यंत फार डोकं लावू नका. दोन ठिकाणी जातोय, मजा येतेय, जाऊ दे. त्या वयात गल्लीत टेनिस बॉलने खेळणं हेही ट्रेनिंगच. अमेरिकेत ७ ते १८ वयाच्या सुमारे १२०० मुलांच्या एका अभ्यासात दिसलं की जी मुलं आठवड्याला आपल्या वयापेक्षा जास्त तास खेळाचं ट्रेनिंग करत होती, त्यांना गंभीर अतिवापराच्या दुखापती जास्त होत्या. म्हणजे १३ वर्षांच्या पोरासाठी साधारण १३ तास, सगळे क्लब मिळून. अंगठ्याचा नियम म्हणून हा लक्षात ठेवायला सोपा आहे. लोकलचा प्रवास त्या तासांत धरलेला नाही, पण झोपेतून तो वजा होतोच. तिथल्याच दुसऱ्या एका अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या शाळकरी खेळाडूंना दुखापतीची शक्यता १.७ पट आढळली होती. पहाटे पाचची लोकल पकडायची तर रात्री नऊच्या आत डोळा लागला पाहिजे. ट्यूशन साडेआठला सुटत असेल तर गणित कुठे बसतं ते बघा.

१२ ते १६ या वयात मात्र वही घाला. साधी दोनशे पानी. तारीख, कुठे खेळला, किती बॉल टाकले (ओव्हर नाही, बॉल, कारण नेट्समध्ये ओव्हर कोणी मोजत नाही), आणि कुठे दुखलं का. मोबाइलवर केलं तरी चालेल. दर रविवारी रात्री बेरीज करून तिन्ही कोचना एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. सुरुवातीला कोणी उत्तर देणार नाही. दोन-तीन आठवड्यांनी एखादे सर म्हणतील, 'उद्या त्याला बॅटिंग करू दे.' तेवढ्यासाठीच हे सगळं करायचं.

आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी, तिन्ही ठिकाणांहून. ती सुट्टी कोणत्या वारी हे सीझनच्या आधी ठरवा, नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसरा देईल. सीझन संपला की बॉलिंग बंद. पोहू दे, फुटबॉल खेळू दे. मे महिन्याच्या समर कॅम्पला फी भरलीच असेल तर बॅटिंग आणि फिल्डिंगसाठी पाठवा.

सोळा-सतराच्या पुढे निवड करावीच लागते, आणि तोपर्यंत बहुतेक पोरांना स्वतःलाच कळलेलं असतं की आपल्याला कुठे खेळायचंय.

राहता राहिलं दुखणं. फास्ट बॉलिंग टाकणाऱ्या पोराची कंबर एकाच बाजूला दुखत असेल, मागे वाकलं की जास्त दुखत असेल आणि दोन-चार दिवसांच्या आरामाने जात नसेल, तर बाम आणि पेनकिलरवर मॅच खेळवू नका. स्पोर्ट्स मेडिसिनच्या किंवा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि तो फास्ट बॉलर आहे हे आधी सांगा. सुरुवातीचा तडा साध्या एक्स-रेमध्ये बरेचदा दिसत नाही, एमआरआय लागू शकतो. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून पुढच्या रविवारी नवा बॉल हातात देऊ नका. वेळेत सापडलं तर बहुतेक पोरं काही महिन्यांच्या विश्रांतीने बरी होतात आणि परत बॉलिंग टाकतात. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील, आठवड्याला किती बॉल टाकतो? तेव्हा वही पुढे करायची.